बारदानाची ऊब

शेडचं दार उघडायच्या आधी मनाक्का हल्ली थांबायची. कडीवर हात ठेवायचा आणि कान द्यायचा. आतून लाव्यांचा कलकलाट रोजच्यासारखाच यायचा, पण त्यात काय अर्थ नव्हता. मेलेलं पाखरू ओरडत नाही. कडी निघाली की तिचे डोळे सरळ कडेच्या पिंजऱ्यांकडं जायचे आणि तिथं कुणीतरी असायचंच. मान वाकडी, पाय आखडलेले, चोचीला चिकट लाळ.

"आजबी?" परशराम शेकोटीपुढनं विचारायचा.

"आजबी."

"किती?"

"मोजून काय करताय? बारसं घालताय व्हय?"

परशराम जाळात काटकी सारायचा. नवरा म्हणून माणूस वाईट नव्हता, पण संकट आलं की शेकोटीजवळ बसायचा आणि संकट नसलं तरी तिथंच बसायचा. मनाक्का घमेलं घेऊन पेरूच्या झाडामागं जायची, खड्डा काढायची, पाखरं पुरायची. परत येऊन हात धुवायची आणि पुन्हा शेडात जायची. चहा गार व्हायचा. भाकरी तव्यावर टाकून ती शेडाकडं धावायची, मग घरात करपल्याचा वास सुटायचा. तो वास परशरामला यायचा, तिला नाही. ओढ्याला धुणं घेऊन निघाली तरी अर्ध्या वाटेतनं परतायची. पाखरं काही तिच्या देखत मरत नव्हती, तरी तिला वाटायचं, आपण पाठ फिरवली की मरतात.

मनुबाई तिचं नाव, गावाची मनाक्का. गाव निपाणीच्या इतकं जवळ, की माळावर उभं राहिलं की तंबाखूच्या वखारींचे पत्रे उन्हात चमकताना दिसतात. लग्नाच्या आधी आईचा पदर धरून ती बाबगोंडा पाटलांच्या वखारीत शिरली आणि केस पिकेपर्यंत तिथंच राहिली. काम एकच. मांडीवर चाळण घ्यायची आणि तंबाखू चाळायची. पाला वर राहतो, भुकटी खाली पडते, आणि राहिलेली भुकटी हवेत उडून बायकांच्या नाकातोंडात जाते. तोंडाला फडकं बांधायचं, पण त्यातनं जायचं ते जातंच. मनाक्काला खोकला लागला. मग दम लागायला लागला. शेवटी चाळण हलवायची आणि थांबायची, हलवायची आणि थांबायची, अशी तिची गत झाली. निपाणीच्या डॉक्टरनं छातीला नळी लावली आणि एवढंच सांगितलं, "बाई, ती धूळ सोडा, न्हायतर धूळ तुमाला सोडायची न्हाय."

त्या दिवशी तिनं तोंडाचं फडकं चुलीत घातलं. "परत त्या दारात कामाला गेलो तर नावाची मनू न्हाय," असं सगळ्या बायकांदेखत बोलून आली.

बाबगोंडाअण्णा हसले. माणूस मऊ, बोलणं सावकाश. "जातीस कुठं? तुझी चाळण हितंच खुंटीला टांगून ठेवतो. येशील."

त्यांनी खरंच टांगली.

म्हणून ही पाखरं. बचत गटाच्या बायकांना बेळगावला नेऊन लाव्या पाळायचं शिकवलं होतं. बाकीच्या बायका खडेबाजारात बांगड्या बघून परत आल्या, मनाक्का पिल्लांचं खोकं घेऊन आली. रानातली लावी हातभर उडते आणि गवतात शिरते. ही पिंजऱ्यातली तसलीच, जरा जाड, ठिपक्या-ठिपक्यांची अंडी घालणारी. डोकं म्हणाल तर मुठीएवढ्या पाखराला असतं तेवढंच. पण खाणं थोडं, जागा थोडी आणि दीड महिन्यात अंडी सुरू. हायवेवरच्या धाब्यांची पोरं फटफटीवरनं येऊन अंडी आणि पाखरं घेऊन जायची. होळीच्या सुमाराला पिल्लं आली होती. उन्हाळा गेला, पावसाळा गेला, मनाक्काच्या चेहऱ्यावर रंग आला. खोकला उरला, पण दम लागायचा थांबला.

मग थंडी आली.

आमच्याकडची थंडी वेदगंगा नदीवरनं धुकं घेऊन येते. शेडाला तीन बाजूंनी नुसती जाळी. पाखरं एकमेकांच्या अंगावर चढून बसायला लागली. त्याच दिवसांत बाबगोंडाअण्णा रानातनं परतताना कुंपणापाशी थांबले. आत ते कधी यायचे नाहीत. जैनाच्या घरचा माणूस, खायला वाढवलेली पाखरं कशाला बघंल? पण बाहेरनंच त्यांना पाखरांची थरथर दिसली.

"मनू, ह्येचं पाप तुझं तुझ्याजवळ. पण जीव हाय तवर गारठ्यानं तरी मारू नगंस. वखारीत रिकामी पोती पडल्यात, गडी लावून धाडतो. बांध चारी बाजूनं."

दुपारीच बारदान आलं. जाड, दणकट, तंबाखू भरून भरून काळपट झालेलं. आमच्या भागात ह्या बारदानाला मान आहे. म्हशीच्या पाठीवर तेच, न्हाणीच्या दाराला तेच, धान्याच्या कणगीखाली तेच. त्याला ऊ लागत नाही, पिसू लागत नाही, वाळवी तोंड लावत नाही, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक. मनाक्कानं पोती उसवून, जोडून, पिंजऱ्यांना अगदी लागून पडदे शिवले. शेडात ऊब आली. अण्णांना तिनं मनातल्या मनात हात जोडले.

त्यानंतर पाखरं मरायला लागली.

आधी एखादं. मग रोज. कडेच्या पिंजऱ्यातली जास्त, मधल्यातली कमी. परशराम म्हणाला, "कडेला गारठा जास्त लागालाय." तिलाही ते पटलं. तिनं अण्णांकडनं आणखी पोती आणली आणि कडेला दुहेरी लावली. पाखरं जास्त मरायला लागली. मग तिनं वरचा झरोकाही बारदानानं बुजवला.

गल्लीत कुजबूज सुरू झाली. टीव्हीवर कुठंतरी कोंबड्यांचा रोग दाखवत होते. अंडी न्यायला येणाऱ्या बायका वाट बदलायला लागल्या. धाब्याची फटफटी यायची थांबली. शेजारचा मष्णू, ज्याला चेष्टा केल्याशिवाय अन्न पचत नाही, तो कुंपणावरनं वाकून म्हणाला, "काय मनाक्का, रोज पेरूखाली खड्डं काढालीस? पाखरं पुरालीस का पेरालीस?"

"पेरालोय. उगवली की तुझ्या दारात पयली सोडतो."

"नगं बाई. माझ्या कोंबड्या हायत. पंचायतीत बोलालेत लोक, डॉक्टर आणा न्हायतर सगळी पुरा म्हणून."

मनाक्का हसली नाही. सगळी पुरायची म्हणजे काय, ते तिला मष्णूपेक्षा जास्त कळत होतं. एक चाळण खुंटीला टांगलेली होती. संक्रांत झाली की वखारीचा हंगाम. पोरगा नागराज बेळगावात उद्यमबागेतल्या कारखान्यात कामाला, तिथंच वडगावात बिऱ्हाड, त्याचा संसार आत्ता कुठं मांडलेला. त्याच्या दारात जाऊन बसायचं नाही, हे तिचं ठरलेलं. पाखरं गेली तर तिला दार एकच होतं, आणि त्या दारापलीकडं तिची छाती किती हंगाम टिकंल, हे डॉक्टरनं सांगायची गरज नव्हती.

तालुक्याच्या दवाखान्यातनं सौम्या डॉक्टर आल्या. बाई धारवाडकडची, कानडी बोलणारी, मराठी तोडकंमोडकं पण प्रेमाचं. रोगाच्या भीतीनं अंगात प्लास्टिकचा झगा, हातमोजे, तोंडाला दुहेरी मास्क. पाखरं उचलून बघितली, दोन मेलेली डब्यात घातली.

"गाबरी आगब्याडरी, अक्का. घाबरू नका. नवीन काय केलात काय? खाद्य बदललात? औषध मारलात?"

"न्हाय ओ बाई. काय नवीन न्हाय."

"पाणी?"

"त्येच. आडाचं."

"नीट आठवा. थंडी पडल्यावर काय बदललात?"

"काय न्हाय, बगा. उलट ऊब केली."

डॉक्टरनी भोवतीचे पडदे बघितले, मान हलवली, "चांगलं केलात" म्हणाल्या. मनाक्का खोटं बोलत नव्हती. बारदान तिला नवीन वाटलंच नव्हतं. जन्मभर अंगाखांद्यावर वागवलेली वस्तू कोण नवीन म्हणून सांगंल?

तपासणीचा कागद आला तो असा, की साथीचा रोग नाही, मृत्यूचं निश्चित कारण आढळलं नाही. परशराम तो कागद घेऊन गल्लीभर फिरला. "बघा, रोग न्हाय!" लोक म्हणाले, "मग मराल्यात कशानं?" तो परत येऊन शेकोटीपुढं बसला.

"करणी असंल," तो म्हणाला.

"कुणाची?"

"मला काय ठावं?"

"मग गप बसा. करणी करणारा माणूस माझी पाखरं कशाला मारंल? तुमाला न्हाय का उचलायचा?"

पण हे बोलताना तिचा हात पदराचं टोक पिळत होता. रोग असता तर औषध असतं. चोर असता तर राखण करता आली असती. ह्याला नावच नव्हतं. वखारीतनं निरोपही येऊन गेला, 'संक्रांतीनंतर चाळणी सुरू हाईत, अण्णांनी इचारलंय.' तिनं होय म्हटलं नाही, नाही म्हटलं नाही. निरोप आणणाऱ्या बाईला चहासुद्धा विचारायची विसरली.

भोगीच्या आदल्या दिवशी सून आली. पूर्णिमा. वडगावच्या विणकरांच्या घरची, यंत्रमागाच्या खडखडाटात वाढलेली, म्हणून बोलायची ते मोठ्यानं. लग्नाला वर्ष झालं नव्हतं. आधी एकदाच आली होती, पावसाळ्यात. पिशवी टेकवली आणि म्हणाली, "आत्ती, तुमी बसा. पाखरांचं मी बघतो. नागराजनी सांगितलंय, तुमी जेवतसुद्धा न्हाईत म्हणून."

खाद्याचा डबा घेऊन ती शेडात गेली. मनाक्का इकडं भोगीच्या भाकरीसाठी तीळ निवडत होती. एवढ्यात बाहेर ओकल्याचा आवाज आला. बघते तर पूर्णिमा धुण्याच्या दगडाला धरून वाकलेली, तोंड पांढरंफटक.

मनाक्काच्या हातातनं तीळ सांडले. इतक्या दिवसांत पहिल्यांदा तिच्या तोंडावर हसू आलं.

"अवं! उठा की तिथनं! लिंबू आणा मष्णूच्या झाडाचं!"

"काय झालं?"

"काय व्हायाचं? आजा झालासा!"

परशराम शेकोटीवरनं उठला. एवढ्या चपळाईनं तो त्या थंडीत पहिल्यांदाच उठला असंल.

"न्हाय ओ आत्ती," पूर्णिमा तोंड पुसत म्हणाली. "तसलं काय न्हाय. परवाच डोक्यावरनं न्हालोय मी. वास ओ आत. डोकं गरगराय लागलं, तोंडाला नुसतं पाणी सुटलं."

"कसला वास? शिटीचा व्हय? रोज झाडतो मी."

"शिटीचा न्हाय. तंबाखूचा! नाकात बसालाय नुसता. तुमाला येत न्हाय?"

मनाक्कानं परशरामकडं बघितलं. परशराम शेडाच्या दारात गेला, नाक वर करून दोन-तीन वेळा हुंगलं.

"न्हाय की. कुटं काय?"

मनाक्काही आत गेली. छाती भरून श्वास घेतला. तिला काहीच आलं नाही. ना तंबाखूचा, ना शिटीचा, ना खाद्याचा. तिचं नाक वखारीत कधी राहिलं, हे तिला त्या घटकेपर्यंत कळलंच नव्हतं.

ती बाहेर येऊन सुनेकडं बघत राहिली. पूर्णिमाच्या ओठांच्या कडेला लाळ आली होती, मान खांद्यावर कलत होती, बोटं बारीक थरथरत होती. हे सगळं मनाक्कानं बघितलेलं होतं. नव्या बायका वखारीत आल्या की पहिल्या दिवशी अशाच व्हायच्या. ती स्वतः झालेली. आईनं तिला पोत्यावर आडवी करून जिभेवर गूळ ठेवला होता, आणि भोवतीच्या बायका हसत होत्या, "लागली गं पोरीला तंबाखू लागली. दोन दिसांत पचंल." पचली. माणसाला पचते.

ती परत आत शिरली. कडेच्या पिंजऱ्यात एक लावी मान कलती करून बसली होती, चोच ओली. बारदान पिंजऱ्याला घासून होतं. जाळीतनं चोच घालून पाखरांनी त्याचे दोरे उपसलेले. धुक्यानं पोती भिजलेली आणि खालच्या कडेला चहाच्या पाण्यासारखे तांबूस थेंब लोंबत होते. त्यांच्या बरोबर खाली पाण्याची पन्हळ.

मनाक्कानं एक थेंब बोटावर घेतला आणि जिभेला लावला. नाक गेलं होतं, जीभ शाबूत होती. कडूजहर. ती थुंकली आणि बोलली, "आई गं. मीच."

"काय?" परशराम दारातनं म्हणाला.

"कोयता आणा."

"कशाला?"

"पडदं तोडायचं हायत."

"येड लागलं काय? धुकं बघ बाहेर! उघडी टाकलीस तर हायत ती बी जातील गारठ्यानं!"

तिचा हात थांबला, कारण तो खरं बोलत होता. बारदान ठेवलं तर मरणार, काढलं तर मरणार, आणि चूक झाली तर संक्रांतीनंतर चाळण. उरलेली पाखरं आपापल्या पिंजऱ्यात कलकलत होती, त्यांना ह्यातलं काही ठाऊक नव्हतं. मग मनाक्कानं कोयत्याची वाट न बघता सुतळी दातांनी तोडली.

घरातली वाकळ गेली, दोन चादरी गेल्या, तिची जुनी लुगडी गेली, परशरामचं धोतरही गेलं. पूर्णिमानं वडगावला बापाला फोन लावला. "आप्पा, मागावरच्या डागी साड्या हायत न्हवं? तुटक्या धाग्याच्या? सगळ्या धाडा. ... न्हाय ओ, नेसायला न्हाय. पाखरांना!" पलीकडनं काय उत्तर आलं कळलं नाही, पण पूर्णिमा ओकल्यापासून पहिल्यांदा हसली. पन्हळ घासली, पिंजरे गरम पाण्यानं धुतले. जी लावी लोळत होती, तिच्या चोचीत गुळाचं पाणी सोडलं. ती तरी मेलीच.

भोगीच्या सकाळी कडीवर हात ठेवून मनाक्का थांबली. आत बघितलं तर पाखरं मेलेली होतीच. आधीपेक्षा कमी नाहीत.

"सांगितलं न्हवतं?" परशराम म्हणाला. "लाव परत बारदान."

"न्हाय."

"अगं, पण..."

"अंगात गेलेलं इख एका दिसात निघतंय व्हय? मला निघाय किती दिस लागलं?"

हे ती बोलली मोठ्यानं, पण दिवसभर तिला खात्री नव्हती. भोगीची भाजी तिनं चिवडली आणि ठेवून दिली. संक्रांतीला कमी मेली. गल्लीतल्या बायका तिळगूळ द्यायला आल्या त्या कुंपणाबाहेरनंच देऊन गेल्या. दुपारी एसटीनं साड्यांचा गठ्ठा आला. गुलाबी, मोरपंखी, शेंदरी, कुठं जरीची किनार तुटलेली, कुठं पदर उलटा. मनाक्कानं आणि पूर्णिमानं त्या दुहेरी करून टांगल्या, पिंजऱ्यापासनं हातभर लांब. मष्णू कुंपणावरनं बघत होता.

"मनाक्का, पाखरांचं लगीन काढलंस काय?"

"व्हय. तू नवऱ्यामुलाकडनं ये."

मग एका सकाळी कडेच्या पिंजऱ्यात कुणी पडलेलं नव्हतं. मनाक्कानं पुन्हा पुन्हा बघितलं. खाली वाकून बघितलं, पिंजऱ्यामागं हात घालून बघितलं. दुसऱ्या सकाळीही तेच. अर्ध्याच्या आसपास पाखरं उरली होती, आणि एका कोपऱ्यात, गुलाबी साडीच्या उजेडात, ठिपक्यांचं अंडं पडलेलं होतं.

सौम्या डॉक्टरना पूर्णिमानं फोन लावून मनाक्काच्या हातात दिला. त्या बराच वेळ ऐकत राहिल्या. "असू शकतं. पण त्याची तपासणी झालीच नाही, आता ती मेलेली पाखरंही नाहीत. कागदावर मी तसं लिहू शकत नाही, अक्का." मनाक्का म्हणाली, "नगा लिहू. कागदानं काय करायचंय?" कागदावर अजून तेच आहे, कारण आढळलं नाही.

राहिलं बारदान. ते जाळायचं तिच्या मनात आलं होतं, पण त्याचा धूरही पाखरांकडंच जाणार. आणि वस्तू दुसऱ्याची. तिनं सगळी पोती घडी घालून डोक्यावर घेतली आणि वखारीच्या वाटेला लागली.

हंगाम सुरू झाला होता. आत बायका रांगेनं बसलेल्या, तोंडाला फडकी, मांडीवर चाळणी. मनाक्का उंबऱ्याबाहेरच थांबली. बाबगोंडाअण्णा बाहेर आले.

"का गं? परत कशाला आणलीस? थंडी सरली न्हाय अजून."

"पाखरांना सोसंनात, अण्णा. तंबाखू लागून मेली."

अण्णांचा चेहरा उतरला. माणसानं दया म्हणून दिलेलं होतं. त्यांनी खाली वाकून एक पोतं उचललं, नाकाला लावलं, डोळे मिटून हुंगलं. पुन्हा हुंगलं.

"ह्येला कुठं वास हाय?"

"मला बी येत न्हाय," मनाक्का म्हणाली. "तुमाला बी न्हाय. पाखरांना येत हुता, पण ती कुणाला सांगणार?"

अण्णांनी पोतं हळूच खाली ठेवलं आणि हात धोतराला पुसले. एकदा पुसले, परत पुसले. आत कुणीतरी नवी पोर भिंतीला टेकून डोळे मिटून बसली होती. बायका हसत होत्या. मनाक्काची नजर तिच्यावर गेली आणि तिथंच अडकली.

"हिला बाहेर बसवा वाऱ्याला," ती म्हणाली. "आणि गूळ द्या."

अण्णांनी पोरीला बाहेर आणायला सांगितलं. मग काहीतरी बोलायचं म्हणून बोलले, "मग, हंगामाला येत न्हाईस?"

"न्हाय."

"बरं. मग तुझी चाळण तरी घेऊन जा. उगंच टांगून हाय. पाखरांचं खाद्य चाळायला हुईल."

खुंटीवर चाळण होती, तशीच, तिच्या हाताच्या मळानं कडेला काळी झालेली. चांगली चाळण होती. मनाक्काचा हात उंबऱ्यावरनं आपोआप पुढं गेला आणि मधेच थांबला. तिनं तो मागं घेतला, पदराला पुसला.

"नगं, अण्णा. पाखरांजवळ ती बी नगं. खुंटीवरनं काढा आणि ज्येला पायजे त्येला द्या."

आणि ती वळली. पाठीमागं चाळण्यांचा सर्र-सर्र आवाज सुरूच होता. घराकडच्या चढावर तिला दम लागला, पण ती थांबली नाही. शेडाला कडी घातलीय का नाही, हेच तिला आठवत नव्हतं.